छप्पन्न टक्के

आकडा छप्पन्न आला तेव्हा मार्युनला आनंद व्हायला हवा होता. नोरविकच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचं पाणी सुस्त. उत्तर अटलांटिकमधल्या फेरोच्या इतर बेटांपाशी असतो तसला लोंढा इथे नाही. म्हणून तर तिने चार वर्षं खपून टर्बाइनसाठी लांब, रुंद, सावकाश फिरणारी पाती आखली होती. ती पाती आता वाहत्या पाण्यातली छप्पन्न टक्के ताकद विजेत उतरवत होती म्हणे! चाळीस मिळाले असते तरी लोकांनी पाठ थोपटली असती. एका मेंढीच्या अंगावर दोघींची लोकर निघाली तर आधी मेंढ्या मोजाव्यात, हे फेरोत कुणालाही कळतं.

प्रकल्पप्रमुख त्रोंदुरने मात्र कचेरीत रुबार्बचा केक कापला. पुढच्या आठवड्यात प्रकल्पाची मुदत ठरवायला राजधानीहून समिती येणार होती.

"तोंड का पाडून बसलीस? तुझीच पाती आहेत," तो म्हणाला.

"म्हणूनच. माझ्या पात्यांना मी ओळखते."

"आता काय समुद्रावर संशय घेतेस?" तो हसला, पण केक तसाच ठेवून उठून गेला. मार्युनच्या मनात पाल चुकचुकली.

तिने विजेचा मीटर तपासला, तो ठीक होता. तारा, जनित्र, सगळं ठीक. उरला तळाशी बसवलेला, पाण्याचा वेग मोजणारा मीटर. तो जर वेग कमी दाखवत असेल, तर पाती उगाच शहाणी ठरणार. तो मीटर सॉमलच्या मासेमारी बोटीतून सोडला होता. सॉमल तिच्या आईचा चुलतभाऊ. टर्बाइनमुळे हॅलिबट मासे पळतील, असं गावसभेत ओरडून सांगणारा पहिला माणूस तोच. आणि हल्ली तर तो तिला पाहिलं की रस्ता बदलायचा. मीटरमध्ये त्यानेच काही गडबड केली, हा तिचा संशय पक्का झाला.

"सॉमलमामा, मला टर्बाइनपाशी न्या," ती धक्क्यावर जाऊन म्हणाली.

"आज? पाण्याला ओढ आहे आज."

"म्हणूनच आज."

त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं, मग इंजिन चालू केलं.

टर्बाइनशेजारी तिने हातातला मीटर दोरीने सोडला. सेकंदाला एकशे चाळीस सेंटिमीटर. तळातला मीटर त्याच घटकेला तिच्या फोनवर एकशे वीस सांगत होता.

"तुम्ही तो कुठे टाकलात?" तिचा आवाज चढला.

सॉमलने बोट वळवली आणि शंभर हातांवर तरंगणाऱ्या, मीटरची खूण म्हणून सोडलेल्या बोयापाशी थांबवली. पाण्याखाली काळ्या खडकाचं पाठाड दिसत होतं. "इथे. खडकाच्या आडोशाला. इथे पाणी झोपतं, हे माझ्या बापालाही ठाऊक होतं."

"मग इथे का?"

"त्रोंदुर बोटीवर उभा होता. 'अजून मागे, अजून मागे' म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, इथे वेग नाही. तर म्हणे, तुमची जाळी मीटरमध्ये अडकायला नकोत."

"आणि महिनाभर तुम्ही गप्प?"

"मला वाटलं, तूच सांगितलंयस त्याला." सॉमलने नजर चुकवली. "पाती तुझी, नाव तुझं. गावातही हेच बोलतात. भाचीला चोर कोण म्हणणार? म्हणून तुझ्या वाटेतच येत नव्हतो."

मार्युन ज्याच्यावर संशय घेत होती, तोही तिच्यावर संशय घेत होता.

दुपारी तिने त्रोंदुरसमोर नवे आकडे ठेवले. पाण्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते; त्या हिशेबाने खरी कामगिरी पस्तीस टक्के.

"जाळ्यांची भीती होती," तो शांतपणे म्हणाला. "आणि समिती येऊन जाईपर्यंत थांबलीस तर काय बिघडेल?"

भीती खरीच असेलही. पण नुसती भीतीच असती, तर समितीपर्यंत थांबायचं विचारायची त्याला गरज नव्हती.

संध्याकाळपर्यंत तिने आकडे समितीला स्वतःच्या नावाने पाठवले. समिती आली, सॉमलच्या बोटीतून जाऊन पाणी मोजून गेली. मागितली होती पाच वर्षांची मुदत, मिळाली एका वर्षाची. त्रोंदुर बदली होऊन डेन्मार्कला गेला. जाताना तिला भेटला नाही. त्याने मीटर मुद्दाम आडोशाला लपवला की खरंच जाळ्यांपासून जपला, हे कुणीच ठामपणे सांगू शकलं नाही. मार्युनने मात्र मीटर मोकळ्या पाण्यात हलवून घेतला, बोटीच्या कठड्याला टेकून, मीटर किती खोल गेला ते कळायला दोर स्वतःच्या हाताने मोजत.

"माझ्यावर विश्वास नाही वाटतं?" सॉमलने विचारलं.

"आहे, मामा," ती म्हणाली आणि दोर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.