हळदीकुंकवाआधी

“थोडक्यात उरका ताई, आन् कुंकू लावायच्या आत निघा. बाया बिचकत्यात,” सरपंचबाईंनी दारातच ज्ञानेश्वरीला सांगितलं. वर, सणासुदीला त्या रोगाचं नाव नको, रक्तवाढ, स्वच्छता असं काहीतरी बोला, हेही सांगून झालं.

ज्ञानेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एचआयव्हीबद्दल सांगायलाच तर तिला बोलावलं होतं. बाया आयत्या जमतात म्हणून संक्रांतीचं हळदीकुंकू निवडलं आणि बोलायला विधवा बाई, हे शहाणपण कार्यक्रम आखणाऱ्यांचं. तिसगावच्या आसपासच्या गावांत ती हेच काम करायची. नवरा ट्रकवर होता. त्यानं घरी आणलेल्या आजारानं तो गेला, पाठोपाठ तान्ही मुलगी गेली. ही गोळ्या घेऊन धडधाकट उभी होती आणि गावाच्या लेखी अपशकुनी हीच.

पुढे दिशा बसली होती, चौथा महिना लागलेली. तिची रक्ततपासणी सासूनं, रंगुबाईनं, अडवून धरली होती. तपासायचं म्हणजे आपल्या पोरावर संशय घ्यायचा, असं रंगुबाईचं म्हणणं. संक्रांत झाली की दिशाला नवऱ्याकडे सुरतेला धाडणार होते. आज तिला पटलं नाही तर ती पुन्हा हाती लागायची नव्हती.

ज्ञानेश्वरी उभी राहिली आणि रोगाचं नाव घेऊनच बोलू लागली. एका ताटात जेवल्यानं तो होत नाही. निरोध वापरला नाही तर नवऱ्याकडून होतो आणि आईकडून पोटातल्या बाळाला होतो. निरोध म्हणताच पदर तोंडाला गेले.

“आमच्या घरात तसलं काय न्हाई,” रंगुबाई म्हणाली.

“माजी सासूबी हेच म्हनायची.” ज्ञानेश्वरीचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. “उखान्यात नवऱ्याचं नाव लई कौतुकानं घेता. निरोध वापर म्हनायला तोंड उघडत न्हाई. कुंकू जपता, मग जीव कोन जपनार? माजी पोरगी सव्वा वर्साची हुऊन गेली. पोटात हुती तवाच कुनी माजं रक्त तपासलं असतं, तर गोळ्यांनी वाचली असती ती.”

सरपंचबाईंनी घाईघाईनं करंडा उचलला. बाया उठून कपाळं पुढे करत रांगेला लागल्या. वाणाला स्टीलचे डबे होते, मागे राहून कसं चालेल? रंगुबाईनं सुनेला हाक मारली. दिशा उठली नाही. दुसरी हाक दम देऊन आली.

“तुमी लावून घ्या, आत्या,” सासूकडे न बघता दिशा म्हणाली. मग सतरंजीवरून ज्ञानेश्वरीकडे सरकली. “नवरा-बायकू दोगांचंबी रक्त तपासत्यात का? मला आजच तपासायला जायचंय.”

ज्ञानेश्वरीला आनंद व्हायला हवा होता. आला तो संतापच. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, आणि तिची पोर नुसतं कुणी सांगितलं नाही म्हणून गेली. ती दिशाच्या शेजारी खाली बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.