शेवटच्या वळणावरचे बटण

सायकलवरून नवरा-बायकोत वाजले नाही असे घर इटलीतल्या आमच्या फाएन्झा गावात सापडायचे नाही. इवानो आणि लोरेत्ताचे तर भर दुकानातच जुंपले.

इवानोच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन काही महिने लोटले होते. डॉक्टर म्हणाले होते, पायांत बळ यायला सायकल चालवा, पण धाप लागू देऊ नका. चढ आला की मोटर लावा.

दुकानात दोन सायकली समोर होत्या. एक स्वस्त, खालच्या दांड्याची, ताठ बसून चालवायची. तिच्या कॅरिअरवर बॅटरीचा ठोकळा होता. दुसरी दुपटीने महाग, शर्यतीच्या सायकलीसारखी, आणि तिची मोटर दांड्यात लपलेली.

"हीच घ्यायची," इवानो महागडीवर हात ठेवून म्हणाला.

"हिच्यावर वाकून बसायचं, सगळा भार छातीवर. आणि टांग किती वर टाकावी लागते ते बघ."

"मग त्या ठोकळ्यावर बसून रविवारी मित्रांत जाऊ? कोबी आणायला निघालेली म्हातारी दिसेन मी."

"म्हणजे तुला ताकद नकोय, सोंग हवंय," लोरेत्ता म्हणाली. "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुमच्या टोळक्यातल्या रेन्झोनं मोटरची सायकल आणली, तर 'ही विजेवरची इस्त्री घेऊन कुठं निघालास' म्हणून तुम्ही सगळे खिदळलात. तेव्हापासून तो घराबाहेर पडत नाही. तुलाही तसंच घरी बसायचंय का?"

इवानोने महागडीवरचा हात काढला. स्वस्तवाली घरी आली, पण त्याच्या मनातली लाज काही गेली नाही.

रविवारी सगळे मित्र सायकलींवरून टेकडीवरच्या कॉफी-बारकडे निघाले. शेवटी पोहोचेल त्याने सगळ्यांना कॉफी पाजायची, ही जुनी रीत.

"बायकोची सायकल ढापलीस काय रे?" टोळक्यातला ग्वाल्तिएरो ओरडला आणि पुढे गेला.

इवानो हसला खरा, पण ते त्याला झोंबले. शेवटच्या वळणापासून बारसमोरची टेबले दिसतात आणि तिथे बसलेले लोक चढणाऱ्यांना न्याहाळत असतात. नेमक्या त्याच वळणावर त्याने मोटर बंद केली.

सायकल एकदम जड झाली. छाती आवळली. आता थोडेच राहिले, असे म्हणत त्याने पुन्हा पायडल दाबले, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली! दांडा खाली होता म्हणून पाय चटकन जमिनीला टेकला. नाहीतर तो सायकलसकट उतारावर गेला असता.

ग्वाल्तिएरो मागे वळून धावत आला. त्याने इवानोला कठड्यावर बसवले आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

"मोटर बिघडली काय रे?"

"बंद केली."

"वेडा आहेस का? कशाला?"

"तू बघशील म्हणून."

ग्वाल्तिएरो कठड्यावर त्याच्या शेजारी टेकला. रुग्णवाहिका येईपर्यंत तो इवानोचा हात धरून बसला.

हृदयाला इजा झाली नव्हती. डॉक्टर मात्र खूप रागावले, आणि लोरेत्ता त्याहून जास्त. पुन्हा सायकलची परवानगी मिळाली तेव्हा टोळके टेकडीकडे न जाता आधी रेन्झोच्या दारी थांबले. घंटा ग्वाल्तिएरोनेच वाजवली.

"रेन्झो, चुकलं आमचं. काढ ती इस्त्री बाहेर."

रेन्झोने खुंटीवरची किल्ली काढली. मग सायकलीचे कुलूप उघडायला गेला.

मंडळी, आजारातून उठलेला माणूस आधार घेतो तेव्हा तो हरलेला नसतो, परत येत असतो. त्याच्या आधाराला आपण हसतो, म्हणून तो आपल्याच हाताने बटण बंद करतो. ते हसू आपण आधी बंद करायला हवे.

त्या दिवशी ग्वाल्तिएरो मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिला आणि कॉफी त्यानेच पाजली.