तांदळात लिहिलेलं नाव

जयतीर्थराव रेल्वेतून रिटायर झाले आणि तिसऱ्याच महिन्यात पुन्हा नोकरी लागल्यासारखे डबा घेऊन घराबाहेर पडू लागले. मैलापूरला बस पकडायची, एग्मोरला उतरायचं आणि तिथल्या मोठ्या जुन्या लायब्ररीचं दार उघडण्याआधीच पायरीवर हजर. बायको म्हणायची, ऑफिसात इतकं वेळेवर गेला असतात तर केव्हाच साहेब झाला असतात. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

काम आईचं होतं. वसंताबाई एक्याऐंशीच्या. त्या दोन वर्षांच्या असताना, १९२५ साली कुंभकोणमला त्यांची आई वारली. फोटो नाही, पत्र नाही, आणि खुद्द नावही नाही. दोन वर्षांनी वडिलांनी, म्हणजे माधवरावांनी, दुसरं लग्न केलं आणि पहिलीचा विषय घरात बंद झाला. आजोळची माणसं रायचूरकडची, ती पुन्हा फिरकली नाहीत. दर पितृपक्षात आचार्य आईच्या आईचं नाव विचारत, जयतीर्थराव मान हलवत, आणि नाव ठाऊक नसलं की जे म्हणतात ते म्हणून काम उरकायचं. दाराशी बसलेल्या वसंताबाई ते ऐकत.

या वर्षी मात्र त्यांनी हट्टच धरला. "जया, मज ते नाव पाहिजे. मी गेल्यावर कोण शोधणार? तुझी मुलं? त्यांना मराठीत भूक लागली म्हणता येत नाही!"

धागा एकच होता. ती बाई मास्तरणीची परीक्षा पास होती. सासरी तिला "पास झालेली सून" म्हणून टोमणे बसत, एवढं वसंताबाईंच्या कानावर आलं होतं. आणि त्या काळी परीक्षांचे निकाल सरकारी गॅझेटात, बायकांचे नवऱ्याच्या नावागावासह, छापून येत.

लायब्ररीत पाऊल टाकलं की जयतीर्थरावांचं वय चाळीस वर्षांनी उतरायचं. इथंच, याच उंच छताखाली, त्यांनी रेल्वेच्या परीक्षेचा अभ्यास केला होता. घरी खोली एक आणि माणसं नऊ. इथं टेबल होतं, पंखा होता आणि कोणी हाका मारत नव्हतं. तेव्हाचा तो वास अजून होता, जुन्या कागदाचा आणि लाकडाच्या पॉलिशचा. जेवणाच्या सुट्टीत बाहेर झाडाखाली दहीभात खाताना त्यांना उगीचच भरून यायचं. इतकी वर्षं याच शहरात राहून आपण इथं पुन्हा एकदाही कसे आलो नाही, याची लाजही वाटायची.

आत जुने अंक आणून देणारी रंजनी नावाची बाई होती. पन्नाशीची, नाकावर चष्मा, करड्या स्वभावाची. पेन दिसलं की काढून घ्यायची आणि पेन्सिल द्यायची. पान उलटताना बोट ओलं केलं तर तमिळमध्ये अशी झापायची की शेजारचे चार जण सरळ बसत. जयतीर्थरावांनी दोनदा बोलणी खाल्ली आणि मग त्यांची मैत्री झाली.

पाच आठवडे गेले. १९१८ पासून १९२४ पर्यंतचे सगळे निकाल बघून झाले. शेवटचा खंड मिटून त्यांनी चष्मा काढला. "नाही सापडली. पितृपक्ष बारा दिवसांवर आला. आईला काय तोंड दाखवू?"

रंजनीनं त्यांची वही ओढून घेतली आणि पानं चाळली. एका ओळीवर काट मारलेली होती. "हे काय सार? अंबुजाबाई, माधवरावांची पत्नी, कुंभकोणम. हे खोडलंत का?"

"ती नव्हे. अंबुजा म्हणजे आईची सावत्र आई. आई तिला चित्ती म्हणायची. आजोबांची दुसरी बायको."

"दुसरं लग्न कधीचं?"

"सत्तावीस सालचं. बारा वर्षांची होती ती तेव्हा."

"हा निकाल बावीस सालचा आहे," रंजनी म्हणाली. "सात वर्षांची पोर मास्तरीण झाली होती का?"

जयतीर्थरावांनी ती खोडलेली ओळ पुन्हा वाचली. मग त्यांना स्वतःचं लग्न आठवलं. ताटात पसरलेले तांदूळ, हातात अंगठी, आणि वडील सांगतायत, लिही, नवरीचं नवं नाव लिही. त्यांच्या घराण्यात सून आली की तिचं नाव बदलायचंच. आजोबांनी दुसऱ्या वेळी तांदळात तेच नाव पुन्हा लिहिलं होतं. म्हाताऱ्याचा त्यांना राग आला, आणि कीवही आली. माया होती, आळस होता की रीत होती, ते आता कोण सांगणार?

त्या दिवशी ते दुपारीच घरी परतले. वसंताबाई वाती वळत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातली वात बाजूला ठेवली.

"माझ्या आजीला मी विचारलं होतं रे," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांची असेन. माझ्या आईचं नाव काय गे? आजी म्हणाली, अंबुजा. मज वाटलं, चित्तीलाच आई म्हण असं सांगते. अस्सा राग आला! पुन्हा कधी विचारलं नाही. आजीशी धड बोलले नाही. ती गेली तेव्हा कुंभकोणमला गेलेसुद्धा नाही. खरं सांगत होती रे ती. अय्यो, खरंच सांगत होती."

जयतीर्थराव खाली बसले आणि त्यांनी आईचा हात धरला. ती पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसून तिनं ते नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं, हळू, परक्या घरात पाऊल टाकावं तसं. आणि एकदम थांबली.

"मग चित्ती कोण होती रे?"

"म्हणजे?"

"तिला जन्मभर माझ्या आईच्या नावानं हाका मारल्या. बारा वर्षांची पोर ती. तिच्या आईनं तिचं नाव काय ठेवलं होतं?"

जयतीर्थरावांना ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं.

"उद्या परत जा," वसंताबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या लायब्ररीत कोठं तरी असेल लिहिलेलं."

चित्ती एक दिवसही शाळेत गेली नव्हती. तिचं नाव कुठल्याही गॅझेटात, कुठल्याही यादीत असायचं कारण नव्हतं, हे जयतीर्थरावांना पक्कं कळत होतं.

"सरी अम्मा," ते म्हणाले, "उद्या जातो."