कोपऱ्यातला अंगठा

माझ्या आईला घराबाहेर पडताना फोटो काढायची सवय होती. स्वतःचे नव्हेत, गॅसच्या बटणाचे. आधी बटण बंद करायचं, मग चाचपून बघायचं, मग फोटो. त्यानंतर नळ, गॅलरीचं दार आणि शेवटी बाहेरून लावलेलं कुलूप. वाटेत जीव वरखाली व्हायला लागला की फोन उघडायचा, बघायचं आणि पुढे चालू पडायचं. त्याआधी ती अर्ध्या रस्त्यातून घरी परतायची आणि सोबत आमचीही वरात मागे फिरवायची. त्यामुळे ही युक्ती तिला सापडली तेव्हा आम्ही सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास टाकला.

वाईट फोटो काढण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात तिचा अंगठा यायचाच, गुलाबी आणि धुरकट. मी किती वेळा टोकलं. बटण दिसतंय ना, मग अंगठ्याने तुझं काय घोडं मारलंय, असं म्हणून ती मला गप्प करायची.

हे फोटो माझ्या गळ्यात पडले ते दादामुळे. आईच्या लक्षात पासवर्ड राहायचा नाही, म्हणून तिचा नवा फोन सुरू करताना दादाने त्यात सरळ माझंच खातं टाकून दिलं. झालं. तिने फोटो काढला की तो आपोआप क्लाउडवर चढायचा आणि माझ्या फोनमध्ये येऊन बसायचा. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. गिऱ्हाइकाला फ्रेमचे फोटो दाखवायला जावं, तर मध्येच गॅसची बटणं. एकाने विचारलंसुद्धा, शेगड्याही ठेवता का म्हणून. मी चिडचिड करायचे, पण बटणाचा फोटो आला की आई धडधाकट आहे, बाहेर निघालीय, एवढं न विचारता कळायचं.

आई गेल्यावर आम्ही तिचं घर रिकामं केलं. शेगडी भंगारात गेली, किल्ली घरमालकाकडे गेली आणि फोन दादाच्या कपाटात गेला. बरेच महिने काही नाही. आणि एका दुपारी, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, माझ्या फोनवर गॅसच्या बटणाचा फोटो आला. कोपऱ्यात अंगठा.

दादा कॉम्प्युटरवाला, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं. त्याने विचारलं, क्लाउडवरची जागा वाढवून घेतलीस का? घेतली होती. मग तो हसला. जागा संपल्यामुळे आईचे काही फोटो अडकून पडले असणार, मी तिचा फोन चार्जिंगला लावून ठेवलाय, ते आता एकेक करून वर चढताहेत, म्हणाला. मला ते पटलं. खरं तर आवडलं. काचा घासायच्या खोलीत जाऊन मी मनसोक्त रडून घेतलं आणि पुढच्या फोटोची वाट बघायला लागले.

पुढचा फोटो दाराचा होता, पण आतून. कडी घट्ट लावलेली. आईने आतून लावलेल्या कडीचा फोटो कधी काढला नव्हता. घरात असताना तिला कसली धास्तीच नसायची. झोपण्याआधी काढला असेल, असं दादा म्हणाला, आणि मीही मान डोलावली.

मग नळ आला. तो माझ्या स्वयंपाकघरातला नळ होता. ती तुझ्याकडे राहायला येत होतीच की, दादा म्हणाला.

"दादा, हा नळ आई गेल्यानंतर बसवलाय."

तो हळूच म्हणाला, "तिचा फोन चालूच होत नाही गं. बॅटरी फुगली होती, मी मागच्या आठवड्यात काढून टाकायला लावली."

मी घाबरले. सरळ सांगते, स्वतःच्या आईला घाबरले. ओट्यापाशी उभी राहिले की पाठीला मुंग्या यायच्या, म्हणून भाजी चिरायलासुद्धा बाहेरच्या खोलीत बसायला लागले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, सासूबाईंना नवा नळ आवडलेला दिसतोय. त्या दिवशी मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. शेवटी दादानेच उपाय सुचवला. खात्यातून आईचा फोन काढून टाक, म्हणजे हे प्रकरण मिटेल.

दुसऱ्या दिवशी चिमीला, म्हणजे माझ्या मुलीला, सर्दीने बेजार केलं होतं. शाळेला दांडी. तिला वाफ दिली, गोळी दिली, ती झोपली. दुपारी बाबा येतीलच, असं तिच्या कानाशी सांगून मी दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून म्हटलं, हे काम उरकून टाकू. खात्यात शिरले. दोन फोन दिसले, एक माझा आणि एक 'आई'. काढून टाकायचं का, असा प्रश्न आला. माझं बोट त्यावर टेकणारच होतं, तेवढ्यात नवा फोटो आला.

माझी शेगडी. वर दुधाचं पातेलं. दूध उतू जाऊन बर्नरवर पसरलेलं. ज्योत नाही.

मी दूध ठेवलं होतं? डोक्याला ताण दिला आणि आठवलं. चिमीसाठी ठेवलं होतं, आणि घाईत तसंच टाकून आले होते. दिवसभर लोकांना "हे स्पष्ट दिसतंय की ते?" विचारणारी मी, पण त्या फोटोत काय वेगळं आहे हे माझ्या डोळ्यांना एकदम कळलंच नाही. अंगठा नेहमीसारखाच कोपऱ्यात होता. बटण उघडं होतं. आईने उघड्या बटणाचा फोटो आयुष्यात काढला नव्हता.

चिमी फोन उचलेना. समोरच्या काकूंकडे आमची किल्ली असते. त्यांनी उचलला.

"काकू, आमच्या घरात जा आणि गॅस बंद करा. बेल वाजवू नका, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. चिमी आत झोपलीय."

काकूंनी एकही प्रश्न विचारला नाही. किल्ली फिरल्याचा आवाज आला, मग त्यांचा खोकला, मग धाडधाड उघडणाऱ्या खिडक्या. बंद केला, म्हणाल्या. त्यापुढे बराच वेळ नुसती धावपळ ऐकू येत राहिली आणि मग चिमीचं चोंदलेल्या नाकातून रडणं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी अक्षरांच्या तक्त्याखाली फरशीवरच बसले. कोणीतरी पाणी आणून दिलं.

संध्याकाळी नवऱ्याने तो फोटो पाहिला आणि या वेळी विनोद केला नाही. दादाने फोनवर विचारलं, आईचा फोन खात्यातून काढलास ना? मी नाही म्हणाले. का, ते मला त्याला सांगता येईना. आई असती तर तिने आधी बटण बंद केलं असतं आणि मग फोटो काढला असता. आता तिला बटण फिरवता येत नसावं. माझ्या ओट्यापाशी, आत माझी लेक झोपलेली असताना, ती उघड्या गॅससमोर उभी होती आणि फक्त दाखवू शकत होती. एवढं मनात आलं आणि मी फोन ठेवून मोठ्याने रडले.

आता घरातून निघताना मीच फोटो काढते. आधी बटण बंद करते, चाचपून बघते, मग फोटो. चिमी हसते मला. फोटो काढून झाला की मी तिथेच उभी राहून तो नीट पाहते. बटण बंद, ओटा कोरडा, चारही कोपरे स्वच्छ. तेवढ्यात तो वर चढतो.

दुकानात पोचून पुन्हा उघडते, तेव्हा उजव्या कोपऱ्यात अंगठा असतो. मग मी पहिल्या गिऱ्हाइकाला आत बोलावते.