मागची तिसरी खाच

सालकिनला रडू आलं नाही, याची गावात फार चर्चा झाली. तिचा नवरा मेदेर गेला तेव्हा अंगणात नमद्याचा, जाड लोकरीचा तंबू उभा राहिला. रीतीप्रमाणे तिला आत भिंतीकडे तोंड करून बसवलं. बाहेरून पुरुष आक्रोश करत येत होते. अशा वेळी बायको नवऱ्यावर जे गाणं रचून म्हणते, ते तिच्या तोंडून उमटेना. शेवटी मोठ्या नणंदेने तिच्या वतीने म्हटलं. घोडा आहे, खोगीर आहे, डोंगराची वाट आहे, वाटेवरचं वळण आहे; स्वार तेवढा नाही. सालकिन ऐकत होती. बरं रचलंय, असं तिच्या मनात आलं. आणखी काही आलं नाही.

त्याला आता बावन्न दिवस झाले होते. चाळिसावा झाला, घोडी कापली, माणसं जेवून गेली. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. सालकिन शाळेत संगणक शिकवायची, तेही थांबलं. ती सकाळी उठे, गाईची धार काढी, कणीक मळे, आणि मळलेल्या कणकेत हात तसेच ठेवून किती तरी वेळ उभी राही. हात आपले आहेत की कणकेचे, हे कळत नसे. कळावं असंही वाटत नसे.

एका सकाळी सरोवर कचेरीचे मुख्य ताबिल्दी, ज्यांना सगळे मानाने बायके म्हणत, दोन नान आणि साखरेचा पुडा घेऊन आले. आधी हात पसरून मेदेरसाठी दुवा मागितली, मग चहा पीत बोलणं कामावर आणलं. कचेरीतलं मशीन तीन आठवडे बंद पडलं होतं. राजधानीतला माणूस महिनाअखेरीस येणार होता. मेदेरने तिथे कामाला असताना बसवलेलं मशीन त्याच्या बायकोला तरी उमगेल, असं त्यांना वाटत होतं.

सालकिन नाही म्हणणार होती. मग ते म्हणाले, तोवर एर्केबाय रोज वर जातोय.

एर्केबाय तिचा धाकटा दीर. सासरच्या माणसांचं नाव घ्यायचं नाही म्हणून लग्नाच्या दिवसापासून ती त्याला मिर्झा म्हणायची. वर म्हणजे सुत-कोलला. हिमनदीच्या पायथ्याचं ते दुधाळ सरोवर उन्हाळ्यात फुगतं. एकदा फुटलं तर खालची तीन गावं धुऊन नेईल. काठावर पाण्याची उंची मोजणारं यंत्र आहे आणि ते आकडे कचेरीत पाठवतं. कचेरीतलं मशीन ते आकडे वाचेना, म्हणून एर्केबाय रोज गाडी घेऊन वर चढे, पाण्यात रोवलेली पट्टी डोळ्यांनी वाचे आणि वायरलेसवरून सेंटिमीटरचा आकडा सांगे. रस्ता तोच. मेदेरची गाडी ज्या वळणावरून दरीत गेली ते वळणही त्याच रस्त्यावर.

सालकिनने कपड्यांवरचं पीठ झटकलं आणि काळा रुमाल बांधला. भीती वाटली, असं म्हणता येणार नाही. पायाला मुंग्या आल्यावर पाय असल्याचं जेवढं कळतं, तेवढंच काही तरी आत कळलं.

आकडे वाचणारा प्रोग्राम फार जुना होता. नव्या संगणकावर तो चालायचाच नाही. म्हणून मेदेरने एका मोठ्या मशीनच्या पोटात दुसरं, नुसतं प्रोग्रामनेच बनलेलं, जुन्या काळचं मशीन वसवलं होतं. बाई गरोदर असावी तसं ते मशीन दोन जिवांचं होतं. मे महिन्यात वीज गेली, आणि परत आल्यावर आतला प्रोग्राम म्हणू लागला की चावी सापडत नाही. आतल्याला रीसेट करून बघावं, तर बाहेरचं मोठं मशीनच गोठायचं. बाण हलेना, अक्षर उमटेना. मग ताबिल्दी बायके भिंतीतून वायर ओढायचे, पुन्हा लावायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. अकरा वेळा ओढली, हे त्यांनी जरा अभिमानानेच सांगितलं.

पहिल्या दिवशी सालकिनने पंखे साफ केले. मशीन तापत असेल म्हणून रीसेट करताना खिडकी उघडी ठेवली. मशीन गोठलं, बायकेंनी वायर ओढली. मग तिने आतल्या मशीनला दिलेली मेमरी निम्मी केली, बाहेरच्याला श्वास घ्यायला जागा राहावी म्हणून. गोठलं. दुसऱ्या दिवशी डिस्क तपासली, डिस्क धडधाकट. नोंदी वाचल्या. प्रत्येक नोंद मधेच तुटलेली, कारण प्रत्येक वेळी वायर ओढलेली. आणखी दोन मिनिटं थांबून बघू, असं ती म्हणाली, पण तिचं वाक्य संपेपर्यंत बायकेंचा हात भिंतीपाशी पोचलेला असे.

"घोडा चिखलात रुतला तर त्याच्याशी गप्पा मारत बसतात का, पोरी?" ते म्हणाले. "ओढून काढतात."

दोन्ही दिवस दुपारी वायरलेस खरखरला आणि एर्केबायचा आवाज आला. दोनशे सहा. दोनशे दहा. आकडा सांगून तो थोडा थांबे, मग बटण सोडे. सालकिन आकडा पाटीवर लिही. तो खाली पोचून गाडीचा आवाज आला की तिला कळे, आपण आतापर्यंत खडू हातातच धरला होता.

तिसऱ्या दिवशी बायके जिल्ह्याच्या बैठकीला गेले. सालकिन एकटीच होती. तिने रीसेट केलं. मशीन गोठलं. आता उठायचं आणि वायर ओढायची, एवढंच काम. पण हात उचलला गेला नाही. घरी कणकेत राहायचा तसाच तो टेबलावर पडून राहिला, आणि ती समोर बघत राहिली. बाहेर पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडत होता. एक तुकडा खिडकीतून आला, पडद्यावर टेकला, खाली घसरला. किती वेळ गेला तिला सांगता आलं नसतं. मशीनने मात्र सांगितलं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात रीसेट करताना दोन वाजून सहा मिनिटं झाली होती. आता दोन एकतीस.

दोन बत्तीस.

सालकिन हळूच पुढे वाकली. गोठलेल्या मशीनचं घड्याळ चालत नसतं. हे आतून चांगलं जागं होतं. ते फक्त बाहेरचं काही ऐकत नव्हतं.

बायकेंच्या टेबलावरून तिने दुसरा कीबोर्ड काढून आणला आणि मशीनच्या पुढच्या बाजूला लावला. एक अक्षर दाबलं. उमटलं.

मग सगळं भराभर उलगडलं, सुईत दोरा ओवला की शिवण चालते तसं. मशीनच्या एका कोपऱ्यात मेदेरने स्वतःच्या हाताने लिहिलेला नियम तिला सापडला. वर त्याची टीप होती: रीसेट झालं की मागच्या तिसऱ्या खाचेत जे असेल ते आतल्या मशीनच्या हवाली करायचं, तिथे चावीच असते, कुणी हात लावू नये. चावी म्हणजे बोटाच्या पेराएवढा निळा तुकडा. प्रोग्राम विकणाऱ्यांनी दिलेला, तो असल्याशिवाय प्रोग्राम तोंडच उघडत नाही. सालकिनने मशीन वळवून मागे पाहिलं. तिसऱ्या खाचेत चावी नव्हती. तिथे बायकेंनी नव्या कीबोर्ड-माऊसची जोडवायर खोचली होती. रीसेट झालं की मेदेरचा नियम इमानाने ती उचलून आतल्याच्या हवाली करत होता. बाहेरचं मशीन दर वेळी ठणठणीत असताना त्याची वायर ओढली गेली होती.

उम्सुनाय आपा चहा घेऊन आल्या. कचेरीचा केरवारा आणि चहापाणी त्यांच्याकडे होतं. सालकिनने त्यांना विचारलं, मागचा निळा तुकडा कुणी काढला.

आपांनी किटली खाली ठेवली. "तूच की."

"मी?"

"आठव्या दिवशी आली होतीस ना. गेलेल्याच्या वस्तू पडून राहू नयेत म्हणून सगळं वाटलंस. पेला ताबिल्दीला, कोट ड्रायव्हरला, जुना कीबोर्डसुद्धा दिलास कुणाला तरी. मग मशीनच्या मागे हात घालून ते काढलंस आणि मला म्हणालीस, आपा, हे तो कुणाला हात लावू द्यायचा नाही, हे तुम्ही ठेवा." आपा तिच्याकडे बघत राहिल्या. "आठवत नाही तुला?"

सालकिनला आठवत नव्हतं. आठवा दिवस होता की नव्हता, हेही आठवत नव्हतं. मशीन तेव्हा चालू होतं, म्हणून त्याने तक्रार केली नव्हती. चावी लागते ती उठताना. वीज जाऊन परत आली तेव्हा ती हवी झाली, आणि तोवर सगळं वाटून झालं होतं.

चावी कुठे आहे, असं तिने विचारलं. आपा जरा ओशाळल्या. मेदेरसारख्या भल्या माणसाने जपलेली वस्तू म्हणून त्यांनी ती कापडाच्या तिकोनी ताईतात शिवून नातीच्या पाळण्याला बांधली होती.

"तेव्हापासून पोर रात्रभर झोपते," त्या म्हणाल्या. "सून म्हणते, दात आले म्हणून. सुनेला काय कळतंय."

घर रस्त्यापलीकडेच होतं. आपा गेल्या आणि ताईत घेऊन आल्या. काळ्या मखमलीला कडेने लाल टाका, वर नजर लागू नये म्हणून घुबडाचं पीस. सालकिनने कात्री शोधली, पण आपांनी टाका दातानेच तोडला. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी निळा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तो कोमट होता, त्याला दुधाचा वास येत होता.

सालकिनने तो तिसऱ्या खाचेत लावला, कीबोर्ड-माऊस पुढे घेतले, आणि रीसेट केलं. पडदा काळा झाला, निळा झाला. बाण हलवून पाहिला, हलला. आतलं मशीन उठलं, जुन्या काळचा आवाज केला, आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा मधल्या चौकटीत हिरवा आकडा आला. दोनशे चौदा.

आपांनी ओंजळ तोंडावरून फिरवली आणि चहा गार झाला म्हणून कुरकुरत किटली उचलून गेल्या. सालकिन वायरलेसपाशी गेली. तीन वाजत आले होते. एर्केबाय आता वर पोचला असणार.

"मिर्झा, ऐकतोयस?"

खरखर. मग वारा. मग तो. "बोल, जेंगे." थोरल्या भावाच्या बायकोला तिकडे जेंगेच म्हणतात.

"मशीन लागलं. दोनशे चौदा दाखवतंय. पट्टीवर बघ."

तो पाण्याकडे गेला असावा. बूट खडीवर वाजले. "चौदा. बरोबर."

"मग आता रोज यायची गरज नाही. उद्यापासून नको येऊस."

पलीकडे वारा वाजत होता. बटण त्याने धरूनच ठेवलं होतं. मग तो म्हणाला, "उद्या मी काय करू मग?"

सालकिनला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"रोज येताना त्या वळणावर थांबतो," एर्केबाय म्हणाला. "अर्धा नान तिथे बसून खातो. त्याला सांगतो, आज पाणी किती आहे ते. तो विचारायचा ना, घरात पाऊल टाकलं की आधी तेच विचारायचा. मशीन लागलं, चांगलं झालं, जेंगे. तुझे हात शाबूत राहोत. पण उद्या मी काय करू?"

सालकिनने वायरलेस तोंडाशी धरला. तीन दिवस ती या माणसाला त्या रस्त्यावरून खाली आणायला झगडली होती, आणि तो तिथे भावाला भेटायला जात होता. त्याला काही तरी सांगायला हवं होतं. गवत कापायचं आहे, गोठ्याचं छप्पर गळतंय, सासू वाट बघतेय. सगळं खरं होतं. मागे चौकटीत आकडा बदलला.

"दोनशे पंधरा," ती म्हणाली.

बूट खडीवर वाजले. "पंधरा," तो म्हणाला. "ऊन आहे आज. वाढणार संध्याकाळपर्यंत."

"हो."

"बघत राहतेस?"

"बघत राहते," सालकिन म्हणाली. "तू खाली ये आता. थांबायचं तिथे थांब. सांगायचं ते सांग. पण हळू ये."

त्याने बटण सोडलं. तिने खुर्ची ओढली आणि हिरव्या आकड्यासमोर बसली. गाडी खाली यायला दीड तास लागतो. तो थांबला तर जास्त.