लांबचं फाटक

हॉस्पिटलच्या तळघरातल्या एक्स-रे विभागात तो दिवसभर लोकांना एकच सांगत असे, "श्वास धरा, हलू नका." म्हणून सहकाऱ्यांनी त्याचं आडनावच 'श्वासधरे' करून टाकलं होतं. त्याच्या बायकोच्या ब्यूटी पार्लरमध्ये मात्र नेमकं उलटं चाले. खुर्चीत टेकलेली बाई केसांना पाणी लागायच्या आत घडाघडा बोलायला लागायची. सासू, नोकरी, गुडघे, मुलीचं लग्न, सगळं. बायकोही तेवढ्याच मायेनं ऐकायची, बोलायची, हसायची. संध्याकाळी घरी येईपर्यंत तिचा घसा बसलेला असायचा. जेवताना तो काही सांगायला लागला, की त्याच्या वाट्याला यायचं एक दमलेलं 'हं'.

त्याला हे सलत होतं. तिचं कुणा पुरुषाशी काही असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. पण केस रंगवायला येणाऱ्या बायकांचा मत्सर वाटतो, हे कुणाला सांगणार? मागच्या वर्षी समुद्रावर गेले, तर मेहुणी आणि शेजारचं अख्खं कुटुंब बरोबर. त्या चार दिवसांत त्याला बायकोची पाठ तेवढी दिसली.

म्हणून यंदा त्यानं जंगलाचं काढलं. "प्राणी बघू," तो म्हणाला, "पण गर्दीत नाही." आणि झपाटल्यासारखा मागे लागला. शाळांच्या सुट्ट्या टाळल्या. परीक्षा ऐन भरात असतात तो आठवडा निवडला, त्यातही शनिवार-रविवार सोडून. सगळं जग अभयारण्याच्या तलावाजवळच्या मोठ्या फाटकातून आत जातं, तिथं एका वाघामागे वीस जिपा उभ्या राहतात, हे वाचल्यावर त्यानं लांबचं फाटक शोधलं. तिथं प्राणी कमी दिसतात, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. तिकडे त्यानं काणाडोळा केला. लॉजला फोन करून विचारलं, "त्या दिवसांत आणखी कोण आहे?"

"कुणीच नाही हो," पलीकडचा माणूस ओशाळून म्हणाला.

"छान, छान!" तो इतक्या जोरात म्हणाला, की एक्स-रेसाठी श्वास धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं तो सोडून दिला.

बायकोला कौतुक वाटलं. पार्लरमध्ये तिनं ते सांगितलंही, आणि एक गिऱ्हाईक लगेच तयार. "आम्हीही येतो, दोन गाड्या करू!" हे कळल्यावर त्यानं दुसऱ्याच दिवशी तारखा बदलल्या आणि हॉस्पिटलमध्ये रजेचा घोळ झाला, असं बायकोला दडपून सांगितलं.

अखेर दोघं पोचली. लॉज खरोखर रिकामा होता. एक स्वयंपाकी, अंगणात वाळत घातलेल्या चादरी, आणि जीप चालवणारी एक पन्नाशीची बाई. त्याला हायसं वाटलं. पण जीप सुरू होऊन पहिलं वळण येतंय तोवर बायको पुढं वाकून त्या बाईला विचारत होती, "ताई, तुम्ही एकट्याच चालवता? भीती नाही वाटत?" ताईंनी भीतीचं सांगितलं, मग नवऱ्याचं, मग आपल्या पाठदुखीचं. दुसरं वळण येईपर्यंत ताईंची 'अगं' झाली होती.

तो मनात चरफडला. एवढं रान तुडवून आलो, माणूस नावाला ठेवला नाही, तरी हिला कुणीतरी सापडलंच!

"जरा गप्प बसता का?" तो म्हणाला. "प्राणी पळतात."

दोघी गप्प झाल्या. तो त्यांच्याकडे पाठ करून बाहेर बघत राहिला. रानडुकरं दिसली, हरणं दिसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं जीपच नको म्हटलं. पाणवठ्यावर लाकडी मचाण होतं. ताईंनी दोघांना तिथं सोडलं आणि उन्हं उतरताना न्यायला येते म्हणून त्या गेल्या. आता खरंच दोघंच. त्याला वाटलं, आता ती बोलेल. माझ्याशी. पण कालच्या बोलण्यानं ती घुम्यासारखी बसली होती. मग त्यानंही दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पाण्याकडे एकटक बघत राहिला. मध्येच तिनं त्याच्या दंडाला हात लावला. "अहो..." ती कुजबुजली.

"शू!" तो मान न वळवता म्हणाला.

पाणवठ्यावर शेवटपर्यंत काही आलं नाही. परतताना जीपमध्ये तो पुन्हा पाठ करूनच बसला.

लॉजवर आंघोळ करून तो बाहेर आला, तर स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येत होता. खुललेला, चढलेला, पार्लरमधला आवाज. "अगदी माझ्या पायांखालून गेली गं! फळ्यांच्या फटीतून दिसत होती. मादी बिबट्या, आणि तोंडात पिल्लू, मानगुटीला धरलेलं. त्याचे पाय असे लोंबत होते..." ताई ऐकत होत्या. स्वयंपाकी कणकेचा हात तसाच धरून उभा होता.

तो टॉवेल घेऊन दारात थबकला. बिबट्या हुकला याचं वाईट वाटायला हवं होतं, पण त्याच्या मनात आलं ते भलतंच. हिनं आधी यांना सांगितलं.

त्याला बघून ताई मागच्या अंगणातली भांडी घ्यायच्या निमित्तानं उठल्या, स्वयंपाकीही मागोमाग गेला.

"मला का नाही सांगितलंस?" त्याचा आवाज फाटला.

"सांगत होते. तुम्ही 'शू' केलंत."

"मग गाडीत सांगायचंस!"

"तुमच्या पाठीला सांगू?" तिनं ओट्यावर सांडलेलं पीठ हातानं गोळा केलं. "खरं सांगा. तुम्हाला प्राणी बघायचेच नव्हते. मला सगळ्यांपासून लांब आणायचं होतं. तारखाही म्हणूनच बदलल्या ना?"

त्यानं खोटं बोलायला तोंड उघडलं, पण शब्द आला तो "हो."

"मग एवढं लांब आणून 'शू' कशाला करता?"

तो ओट्याजवळच्या स्टुलावर बसला. टॉवेल मांडीवर चुरगाळत म्हणाला, "घरी येतेस तेव्हा माझ्यासाठी काही उरलेलंच नसतं गं. सगळं त्या बायकांना वाटून येतेस."

तिनं हातातलं पीठ परातीत टाकलं. नजरेत राग होता, पण मायाही होती. "मग तसं म्हणायचं. फाटकं कसली शोधत बसता?"

"सांग ना आता. सगळं."

तिनं सांगितलं. पण तो मध्येमध्ये विचारत राहिला. आवाज झाला का, त्या मादीनं वर पाहिलं का. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याला वाटत होतं, हे ताईंना आणि स्वयंपाक्यालाही ठाऊक आहे. शेवटी ती थांबली, आणि जरा लाजून म्हणाली, "भीतीनं मी तुमच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं होतं. ती झाडीत जाईपर्यंत सोडलं नाही. तुमच्या लक्षातही आलं नाही."

"हे त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"खरंच नाही?"

"अहो, नाही!" तिला हसू फुटलं.

त्याला इतका आनंद झाला, की त्याचीच त्याला लाज वाटली. मग त्यानं उठून मागच्या दाराशी जाऊन ताईंना आणि स्वयंपाक्याला आत बोलावलं. जेवायला चौघं एकाच टेबलावर बसली. ताईंनी बायकोच्या शेजारची खुर्ची घेतली, तेव्हा त्याच्या कपाळाला बारीकशी आठी पडलीच. पण तो पलीकडे जाऊन बसला आणि ताईंना म्हणाला, "तुमची पाठ कशी आहे आता?"