मला कळलेला टॅप

मी एक जुना ज्युदोचा डगला आहे. माझा उजवा खांदा दोनदा शिवून झाला आहे, कॉलर पिवळट पडली आहे आणि हल्ली स्वभावही जरा तिरसट झाला आहे. तो का झाला, ते ऐका. मित्रांनो, माझी गोष्ट गळ्याची आहे, आणि गळा तुम्हा सगळ्यांनाच आहे.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. माझं कापड जाड, तांदळाचे दाणे दाटीने मांडावेत तशा विणीचं. कॉलरमध्ये पट्टीवर पट्टी घालून तिला इतके टाके घातले की ती वाकायला तयार होईना. मला वाटलं, ही सगळी मेहनत माझ्या रुबाबासाठी. ती समोरच्याला नीट धरता यावी म्हणून असते, हे मला फार पुढे कळलं. मालाडच्या दुकानात शुभाताईंनी मला उचललं आणि मुलगी वाढत्या अंगाची आहे म्हणून एक माप मोठा घेतला. त्यांची मुलगी स्वरदा. तिच्या अंगावर मी पहिल्या वर्षी अक्षरशः लोंबत होतो.

बोरिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये अर्बन सरांचा क्लास भरतो. तिथे स्वरदाची जोडी लागली लिओनाशी. लिओना गोराईची. होडीने खाडी ओलांडून यायची आणि तरीही स्वरदाच्या आधी पोहोचायची. दोघींचं वजन सारखं, हट्टही सारखा. नाताळात लिओनाच्या घरचे फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोल वडे, डब्यातून यायचे आणि ते खाऊन तेलकट झालेली बोटं स्वरदा मलाच पुसायची. मी तक्रार केली नाही. तेव्हा मी सुखात होतो.

लहान मुलांना अर्बन सर गळ्याचे डाव शिकवत नाहीत. या दोघी मोठ्या झाल्यावर त्यांनी समोर बसवून सांगितलं. गळ्याच्या मधोमध श्वासाची नळी असते. ती दाबली तर दुखतं, खोकला येतो, इजाही होते, म्हणून तिच्या वाटेला जायचं नाही. बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या की फारसं दुखत नाही. आणि खरा धोका तिथेच असतो, कारण दुखत नाही म्हणून माणूस थांबतो आणि काही क्षणांत शुद्ध हरपून बसतो. म्हणून टॅप, म्हणजे ‘हरले, सोड’ असं सांगणारी हाताची थाप, लवकर करायचा. हवेत नाही, जोडीदाराच्या अंगावर, त्याला कळेल असा. हात अडकला असेल तर पायाने जमिनीवर, नाहीतर तोंडाने ओरडून. घरी, शाळेच्या व्हरांड्यात, गंमत म्हणून यातलं काहीही करायचं नाही. आणि ज्याच्या हातात दुसऱ्याचा गळा आहे त्याच्यासाठी क्लासमध्ये सरांचा एकच नियम होता.

“टॅप आला की आधी सोड, मग विचार कर.”

हा नियम स्वरदाच्या बोटांत इतका मुरला की लिओनाचा हात माझ्यावर आपटायचा आणि आवाज विरायच्या आत पकड सुटलेली असायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. मी नुसता डगला, पण त्या दोघींमधला निरोप माझ्यावरून जात होता.

मग अंधेरीला निवड चाचणी झाली. त्यांच्या वजनी गटातून एकच मुलगी राज्य स्पर्धेला जाणार होती, आणि शेवटच्या लढतीत या दोघीच समोरासमोर आल्या. स्वरदा खाली पाठीवर होती. पाय लिओनाच्या कमरेभोवती, दोन्ही हात लिओनाच्या कॉलरमध्ये खोल. डाव पक्का बसला होता. लिओनाचा श्वास मला जवळून ऐकू येत होता. आणि तिने टॅप केला. माझ्या बरगडीच्या बाजूला, दोनदा, स्पष्ट. पंच दुसऱ्या बाजूला उभे होते. स्वरदाने सवयीने हात सोडले. ती हसलीसुद्धा.

लिओना क्षणभर थांबली. पंच काही बोलले नाहीत हे तिने पाहिलं. मग ती स्वरदावर आडवी पडली आणि तिने तिला दाबून धरलं, लढत संपेपर्यंत.

स्वरदा पंचांना सांगत राहिली की हिने टॅप केला होता. पंचांनी लिओनाला विचारलं.

“मी टॅप केलाच नाही,” लिओना म्हणाली.

मित्रांनो, केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. मला सगळं ठाऊक होतं, पण डगल्याची साक्ष कोण काढणार? अर्बन सर उलट स्वरदालाच बोलले. क्लासमध्ये लगेच सोडायचं, लढतीत पंच थांबवेपर्यंत नाही, हे किती वेळा सांगितलं होतं, असं म्हणाले. सर खरंच ते सांगत आले होते. पण बोटांना दोन नियम शिकवता येत नाहीत, हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. स्वरदाने त्यातून एवढंच घेतलं की सोडणारा मूर्ख ठरतो.

लिओना राज्याच्या तयारीला लागली. सरांनी नेहमीप्रमाणे दोघींची जोडी लावली. स्वरदाने मागून गळ्याभोवती हात घातला, दुसऱ्या हाताने कॉलर ओढली. लिओनाने टॅप केला. या वेळी माझ्या बाहीवर, जोरात. मी वाट पाहत राहिलो, आता बोटं सुटतील. ती सुटली नाहीत. पुन्हा टॅप आला, जरा हलका. मग तिचा हात माझ्यावरून घसरला आणि खाली पडून राहिला.

सर हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आले आणि त्यांनी स्वरदाचे हात सोडवले. लिओनाला आडवं केलं. थोड्याच वेळात तिने डोळे उघडले आणि विचारलं, माझी मॅच लागली का? ती कुठे आहे हेच तिला उमगत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सर तिला लगेच डॉक्टरांकडे घेऊन निघाले, पण जाण्याआधी त्यांनी स्वरदाकडे पाहून विचारलं, सोडलं का नाहीस?

“तिने टॅप केलाच नाही, सर.”

लिओनाने मला दगा दिला तेव्हा राग आला होता. पण हे वाक्य माझ्या आत असलेल्या मुलीच्या तोंडून आलं. जिच्या अंगावर लोंबत होतो तेव्हापासून मी जिला ओळखतो, तिच्या तोंडून. बाहीवरचा टॅप तिला माझ्याइतकाच कळला होता. घरी मशीनमध्ये गरगर फिरताना मला पहिल्यांदाच वाटलं, आपण विरून जावं.

डॉक्टरांनी लिओनाला विश्रांती सांगितली. राज्याला क्लासमधून कोणीच गेलं नाही. इकडे स्वरदाला गळा द्यायला कोणी तयार होईना. जोड्या लागायच्या आणि ती भिंतीशी उभी असायची. कोणी भांडलं नाही, कोणी टोमणा मारला नाही. फक्त तिच्यासमोर कोणी बसत नव्हतं.

लिओना परत आली आणि येऊन सरळ तिच्यासमोर बसली.

“अंधेरीला मी टॅप केला होता गं,” ती हळूच म्हणाली. “पंचांनी बघितलं नाही, आणि मला जायचं होतं ना यार. म्हणून खोटं बोलले.”

स्वरदा बराच वेळ माझ्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. “आणि त्या दिवशी क्लासमध्ये तुझा टॅप मला कळला होता,” ती म्हणाली. “दोन्ही वेळा.”

मग दोघींनी ते सरांनाही सांगितलं. सर ओरडले नाहीत. त्यांनी सगळ्या क्लासला बसवलं आणि पहिल्या दिवशीचा धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता सगळं झकास झालं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. दोघी आजही एकमेकींशी सराव करतात, डब्यातलं वाटून खातात. तरीही विनवतो, हरलात तर टॅप करा, आणि केलेला टॅप नाकारू नका. समोरच्याचा टॅप आला की हात सोडा, मग तुमची किती का फसवणूक झालेली असेना. खरं बोलून माफी मिळते. भरवसा मिळतोच असं नाही. स्वरदा आता फार जपून हात घालते, तरी तिची बोटं कॉलरपर्यंत पोहोचण्याआधीच लिओनाचा टॅप माझ्यावर येऊन पडलेला असतो.